मुलांचे वजन आणि आपल्या शब्दांचे वजन

रविवारी सकाळी आमच्या केंद्रात बालवर्ग भरतो. सात ते तेरा वर्षांची पंचवीस-तीस मुले येतात. प्रार्थना, एखादी गोष्ट, थोडे पाठांतर आणि शेवटी सूर्यनमस्कार असा साधा क्रम असतो. काही वर्षांपूर्वी या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा येत असे. अंगाने स्थूल होता. सूर्यनमस्कार सुरू झाले की तो सर्वांत मागच्या रांगेत जाऊन उभा राही आणि हात वर नेताना एका हाताने सदरा खाली ओढून धरी. एका रविवारी मी त्याला हसत हसत म्हणालो, "अरे ढोल्या, पुढे ये की! तुलाच तर जास्त गरज आहे." मुले हसली. तोही हसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही.

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी मुलांना अष्टावक्राची गोष्ट सांगितली होती. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा तो मुलगा जनकाच्या सभेत येतो, त्याला पाहून सभा हसते आणि तो म्हणतो की, मला वाटले होते इथे ज्ञानी बसले असतील, पण इथे तर कातडी पारखणारेच दिसतात. मुलांना ती गोष्ट फार आवडली होती. सात दिवसांनी मी स्वतःच त्या सभेत जाऊन बसलो होतो आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

हा प्रसंग मी आपल्याला सांगतो आहे, कारण थोड्याफार फरकाने तो बहुतेक घरांत घडतो. कोणी मुलाला जाड्या म्हणते, कोणी हत्ती म्हणते, एखाद्या किडकिडीत मुलाला काडीपैलवान म्हणते. मुलगी असेल तर "आत्तापासून ताबा ठेव, पुढे लग्नाच्या वेळी जड जाईल," असे एखादी मावशी किंवा आत्या पंगतीत सर्वांदेखत सांगून जाते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. असतो तो जिव्हाळाच. आणि इथेच प्रश्न उभा राहतो. मुलाच्या देहाची काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे. त्याचे मन न दुखावणे हेही आपले कर्तव्य आहे. बोलावे तर मन दुखावते, गप्प बसावे तर देहाकडे दुर्लक्ष होते. सत्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते एकाच वाक्यात कशी सांभाळायची?

प्रश्न खोटा नाही

प्रथम हे मान्य करू या की काळजी करण्याचे कारण खरे आहे. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातील मुलांचे पोषणविषयक सर्वेक्षण केले होते. त्यात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली आणि सुमारे ५ टक्के मुलांचे वजन जास्त आढळले. त्याच सर्वेक्षणात साधारण १० टक्के मुलांच्या रक्ततपासणीत मधुमेहाच्या आधीच्या अवस्थेची चिन्हे दिसली.

या आकड्यांवर क्षणभर थांबा. वजन जास्त असलेली मुले ५ टक्के आणि रक्तातील साखर वाढू लागलेली मुले १० टक्के. याचा सरळ अर्थ असा की या दुसऱ्या गटात अंगाने बारीक किंवा मध्यम दिसणारी मुलेही आहेत. आपण एका मुलाकडे पाहून "हा आजारी पडणार" म्हणतो आणि दुसऱ्याकडे पाहून "हा कसा सडपातळ, तब्येत छान आहे" म्हणतो. हे दोन्ही निर्णय डोळ्यांनी घेतलेले असतात. डोळ्यांना आकार दिसतो, आरोग्य दिसत नाही.

दुसरी गोष्ट, या परिस्थितीत मुलाचा स्वतःचा वाटा किती? भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केले की, शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकू नयेत. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. मोठ्या माणसांच्या संस्थांना असे नियम करावे लागतात, याचा अर्थ मोठ्या माणसांनीच मुलांभोवती असे जग उभे केले आहे. खेळाच्या मैदानावर इमारत कोणी बांधली? संध्याकाळी खेळायच्या वेळेत शिकवणी कोणी लावली? बिस्किटांचा मोठा पुडा घरात कोणी आणला? जेवताना गप्प बसावे म्हणून हातात मोबाइल कोणी दिला? या सगळ्याचा परिणाम शेवटी एका दहा वर्षांच्या मुलाच्या पोटावर दिसतो आणि लाज मात्र आपण त्यालाच वाटायला लावतो.

वजनकाट्यावरचा आकडा

आजकाल शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची आणि वजन घेऊन त्यावरून एक निर्देशांक काढतात. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे, असे त्याचे गणित. हे गणित मांडले ते बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याला समाजातील सरासरी माणसाचा अभ्यास करायचा होता. समोर बसलेल्या एका व्यक्तीचे आरोग्य ठरवणे हा त्याचा हेतू नव्हता. डॉक्टर आज या आकड्याचा उपयोग करतात तो पहिली खूण म्हणून. मुलांच्या बाबतीत तर मोठ्यांचा तक्ता लावताच येत नाही. वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून, वाढीच्या आलेखावर, अनेक महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवून तो आकडा वाचावा लागतो.

कारण मुलाचा देह स्थिर नसतो. मुलींची उंची बहुधा अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्याआधी अनेक मुले थोडी भरतात. वयात येताना मुलींच्या शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, आणि ते निसर्गाला हवेच असते. बारा वर्षांच्या मुलीला त्या वेळी आपण "जाड झालीस" म्हणालो, तर तिचा देह जे अगदी योग्य वेळी करतो आहे त्यालाच आपण दोष ठरवतो. पाचवी-सहावीतील मुलगी डब्यातली अर्धी पोळी परत आणू लागते, ती बहुधा अशाच एखाद्या वाक्यानंतर.

म्हणून वजनाची शंका आली तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. खेळताना मुलाला लवकर धाप लागते का, झोपेत तो मोठ्याने घोरतो का, मानेवरची त्वचा काळी व जाडसर झाली आहे का, वजन थोड्या काळात एकदम वाढले वा उतरले आहे का, हे पाहून डॉक्टरांना सांगावे. ही झाली काळजी. पाहुण्यांसमोर त्याचा आकडा सांगणे ही काळजी नव्हे.

आरसा कोणाचा?

स्वतःच्या देहाची लाज घेऊन कोणतेही मूल जन्माला येत नाही. दीड वर्षाचे मूल आरशात पाहून टाळ्या वाजवते. त्याला स्वतःचे पोट आवडते, त्यावर ते थोपटते. मग लाज येते कुठून?

पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर याचा एक डोळे उघडणारा अभ्यास झाला आहे. तिथल्या मूळ फिजियन समाजात भरदार देह हा चांगल्या पोषणाची आणि आपल्या माणसांनी घेतलेल्या काळजीची खूण मानला जाई. कोणी वाळले तर लोकांना चिंता वाटे. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात दूरदर्शन संच प्रथमच आले. अॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींशी बोलून नोंदी घेतल्या. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आढळली नव्हती. १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक मुली तसे करत असल्याचे दिसले. त्या मुलींचे देह तीन वर्षांत काही निराळे झाले नव्हते. समोरचा आरसा बदलला होता.

आपल्या मुलांच्या हातात आज तसा आरसा चोवीस तास आहे. त्यातला चेहरा गोरा केलेला, कंबर बारीक केलेली, दंड फुगवलेले. मुलींना बारीक व्हायचे आहे, मुलांना सहा महिन्यांत पिळदार व्हायचे आहे. आपण घरात काय बोलतो याला म्हणूनच आज अधिक महत्त्व आहे. बाहेरचा आरसा सतत सांगतो की तू पुरेसा नाहीस. घरानेही तेच सांगितले, तर मुलाने उभे राहायचे कुठे?

आणि मुले आपले बोलणे ऐकतात, त्याहून आपल्याला अधिक पाहतात. आई रोज आरशासमोर स्वतःच्या पोटाला चिमटा काढून उसासा टाकते, वडील जेवणानंतर "आज पाप केले" म्हणतात, उपवास देवासाठी आहे की वजनासाठी हे घरात कोणालाच सांगता येत नाही. स्वतःच्या देहाशी आपण जसे वागतो, तसेच मूल आपल्या देहाशी वागायला शिकते. हा पाठ आपण कधी मुद्दाम दिलेला नसतो, पण तो पक्का होतो.

पार्वतीला सांगितलेली गोष्ट

देह हे धर्माचरणाचे पहिले साधन आहे, हे कालिदासाचे वचन आपण अनेक व्यायामशाळांच्या भिंतींवर वाचतो. "व्यायाम करा, देह कमवा" असा त्याचा अर्थ आपण घेतो. ते वचन मुळात कोणी कोणाला, कधी सांगितले आहे हे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ अधिक खोल जातो.

कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती तप करते आहे. तिच्या रूपाचा उपयोग झाला नाही, म्हणून तिने स्वतःच्या रूपाला दोष दिला आणि कठोर तपाला बसली. अन्न सोडले. गळून पडलेली पानेसुद्धा खायची सोडली, म्हणून तिला अपर्णा हे नाव मिळाले. त्या वेळी एक ब्रह्मचारी आश्रमात येतो. तो प्रत्यक्ष शिवच असतो, वेष पालटून आलेला. तो तिची विचारपूस करतो. समिधा, दर्भ, स्नानाचे पाणी सारे मिळते ना, असे विचारतो आणि मग विचारतो की, हे तप तुझ्या शक्तीला झेपेल एवढेच आहे ना? आणि याच प्रश्नाला जोडून ते वचन येते.

म्हणजे ज्या वचनाने आज आपण मुलांना देह घडवण्यासाठी हटकतो, ते उपाशी राहून देह झिजवणाऱ्या एका मुलीला काळजीने म्हटलेले आहे. त्यात हेटाळणी नाही. "तू कशी दिसतेस" हा विषयच नाही. "तुला झेपते ना?" एवढीच चौकशी आहे. देहाविषयी मुलांशी कसे बोलावे, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

गीतेतही हाच विवेक आहे. सहाव्या अध्यायात भगवान सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. पहिली बाजू आपण मुलांना ऐकवतो, दुसरी विसरतो. सतराव्या अध्यायात तर दंभाने आणि अहंकाराने देहाला छळणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे, कारण त्या छळात अंतर्यामी वसणाऱ्या ईश्वरालाही पीडा होते. इतरांना दाखवण्यासाठी देहाला उपाशी ठेवणे हे तप नव्हे. ती देहावर केलेली हिंसा आहे.

"तू देह नाहीस" हे केव्हा सांगावे?

आपण साधक मंडळी इथे आणखी एक चूक करतो. दुखावलेले मूल रडत आले की आपण म्हणतो, "अरे, तू म्हणजे हा देह नव्हेस. तू आत्मा आहेस. कशाला मनाला लावून घेतोस?" सिद्धान्त खरा आहे. पण त्या क्षणी मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते की माझे दुःख यांना ऐकायचे नाही. शिवाय वेदान्ताने देहाला तुच्छ लेखायला सांगितलेले नाही. कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे आणि आत्म्याला त्या रथाचा स्वामी. रथी रथाहून वेगळा आहे हे खरे. पण कोणता रथी आपला रथ मोडका ठेवून प्रवासाला निघेल? आणि रथ सोनेरी नाही म्हणून त्याच्यावर थुंकेल?

मुलासाठी या उपदेशाचे रूप अगदी साधे असावे: "हे शरीर तुझे आहे. तू त्याचा सांभाळ करणारा आहेस. ते तुझा मित्र आहे." ज्याला स्वतःच्या देहाशी मैत्री जमली, त्याला पुढे कधीतरी देहापलीकडचेही ऐकू येईल. ज्याला देहाची लाज वाटते, त्याचे मन मात्र दिवसभर देहापाशीच अडकलेले असते. सूर्यनमस्कार घालताना सदरा ओढणारा मुलगा देहभान विसरू शकत नाही. ते विसरण्याची त्याला आपण सोयच ठेवलेली नसते.

वाणीच्या चार कसोट्या

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. सत्य आणि अहिंसा एकत्र कशी सांभाळावी? गीतेने सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. त्यातून चार प्रश्न आपल्या हाती येतात. माझ्या बोलण्याने समोरचा अस्वस्थ तर होणार नाही ना? ते खरे आहे का? ते त्याला गोड वाटेल असे आहे का? आणि त्यातून त्याचे हित होईल का? चारही प्रश्नांचे उत्तर एकदम मिळायला हवे, तेव्हा ते तप.

माझे ते वाक्य या कसोट्यांवर लावून पाहिले. त्याचा देह स्थूल होता, म्हणून मी ते खरे समजत होतो. पण "ढोल्या" हे सत्यकथन नव्हते. तो मुलगा उत्तम चित्रे काढतो, धाकट्या बहिणीचा हात धरून रस्ता ओलांडतो, त्याला पाठांतर चटकन होते. यांतले एकही सत्य न घेता मी एकच बाब उचलली आणि तिचेच त्याला नाव दिले. अर्धे सत्य नाव म्हणून चिकटवले की ते असत्य होते. उद्वेग झाला, तो ज्याचा त्याला कळला. प्रिय ते नव्हतेच. आणि हित? तो व्यायामाला यायचाच थांबला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: "आम्हालाही लहानपणी चिडवत. त्यानेच तर आम्ही सुधारलो." काही जण सुधारलेही असतील. पण अनेक देशांतील अभ्यासांत सातत्याने असे दिसले आहे की वजनावरून चिडवली गेलेली मुले पुढे चोरून खाण्याकडे, कधी एकदम उपाशी राहण्याकडे वळतात, खेळ टाळतात आणि त्यांचे वजन बहुधा वाढतच जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये पालकांसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात स्थूलता आणि खाण्याचे विकार या दोन्हींसाठी सल्ला जवळजवळ एकच होता. मुलाला डाएटिंगला लावू नका, वजनाविषयी बोलणे टाळा, चिडवू नका, घरातील सर्वांनी एकत्र जेवा. म्हणजे जे अहिंसेने सांगितले तेच वैद्यकानेही सांगितले. हिताचा मार्ग आणि प्रेमाचा मार्ग इथे वेगळे निघत नाहीत.

दुसरा आक्षेप: "मग काही बोलायचेच नाही का?" बोलायचे, पण आधी करायचे आणि बोलायचे ते सवयींविषयी. मुलाच्या आकाराविषयी नव्हे.

घरात काय करता येईल?

नियम केला तर तो सबंध घरासाठी करावा. एकाला भाकरी आणि भावाला वेफर्स असे एकाच ताटाभोवती घडले, तर भाकरी ही शिक्षा ठरते. शीतपेयाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत साधारण सहा-सात चमचे साखर असते. ती बाटली घरात आलीच नाही, तर कोणालाच "तू घेऊ नकोस" म्हणावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे धाप लागेल अशा हालचालीची शिफारस करते. ती व्यायाम म्हणूनच व्हावी असे नाही. लंगडी, खो-खो, सायकल, दोरीच्या उड्या, जिने चढणे, सगळे चालते. "वजन कमी होईल म्हणून खेळ" असे म्हणू नका. "चल, मीही येतो" असे म्हणा. झोपही सांभाळा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास आणि त्याहून मोठ्यांना आठ ते दहा तास झोप लागते. घरातील दिवे अकरापर्यंत चालू असतील, तर हा नियम मुलाने एकट्याने पाळावा अशी अपेक्षा करता येणार नाही.

जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची आपली प्रथा नुसती पाठांतरासाठी नाही. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मुलाने घासागणिक अपराधी वाटून घ्यावे, हे योग्य नव्हे. श्लोक म्हणावा, एकत्र बसावे, पडदे बंद ठेवावेत, पोट भरल्यावर "नको" म्हटलेल्या मुलाला आग्रह करू नये आणि भूक आहे म्हणणाऱ्याला टोकू नये. बारीक मुलाच्या तोंडात कोंबणे आणि स्थूल मुलाचे ताट ओढून घेणे, दोन्हींत आपण त्याच्या पोटाचे बोलणे खोटे ठरवतो.

नातेवाइकांना थांबवण्याचे धैर्य मात्र आपल्याला दाखवावे लागेल. "काकू, आमच्याकडे आम्ही कोणाच्या शरीरावर बोलत नाही," एवढे वाक्य पुरते. मुलाच्या देखत ते म्हटले गेले, तर त्याला कळते की आपल्या बाजूने कोणीतरी उभे आहे. आणि मूल जेवण चुकवू लागले, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावू लागले, अन्न लपवू लागले, मुलीची पाळी बंद झाली, तर त्याला हट्ट समजू नका. उशीर न करता डॉक्टरांना दाखवा.

सात दिवसांचे एक व्रत

आपल्याला एक छोटे व्रत सुचवतो. सात दिवस कोणाच्याही देहाविषयी, स्वतःच्याही, एक शब्दही बोलायचा नाही. "बारीक झालीस गं" हे कौतुकसुद्धा नाही, कारण त्या कौतुकाने शेजारी बसलेल्या मुलीला कळते की इथे काय मोलाचे आहे. रात्री झोपताना मुलाला विचारा, "आज तुझ्या हातांनी काय केले? पाय कुठे कुठे गेले?" आणि त्या हातापायांना त्याच्याबरोबर मनोमन नमस्कार करा. पहिल्या दोन दिवसांतच लक्षात येईल की आपण दिवसभरात किती वेळा देहावर बोलत असतो. मला ते लक्षात आले तेव्हा लाज वाटली. पण ही लाज माझीच होती, माझ्याच जागी होती, आणि ती कोणा मुलाच्या अंगावर टाकायची नव्हती.

त्या मुलाकडे मी तिसऱ्या आठवड्यात गेलो. आई-वडिलांना त्याने काही सांगितले नव्हते. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघेच बसलो आणि मी म्हणालो, "मी तुला त्या दिवशी तसे म्हणायला नको होते. माझे चुकले." त्याने खाली बघत विचारले, "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात ना?" मी हो म्हणालो. तो पुढे काही बोलला नाही. त्याला बोलण्याची गरजही नव्हती.

पुढच्या रविवारी मी पंचवीस-तीस मुलांसमोर सांगितले की, अष्टावक्राच्या गोष्टीत हसणारी जी सभा होती, तिच्यात त्या दिवशी मी होतो, आणि मी क्षमा मागतो. वर्ग एकदम शांत झाला. तो त्या दिवशीही आला नव्हता. पण मुलांनी ते त्याच्यापर्यंत पोहोचवले असावे, कारण दोन रविवारांनी तो आला. मागच्या रांगेतच उभा राहिला. हात वर नेताना सदरा ओढलाच. एका क्षमायाचनेने ती सवय जाणार नव्हती. मी त्या दिवसापासून सूर्यनमस्कार पुढे उभे राहून सांगायचे सोडले आणि मागच्या रांगेत, त्याच्या शेजारी उभा राहून घालू लागलो.

आज रात्री आपल्या घरी ताटे मांडली जातील. ताटासमोर बसलेल्या मुलाला आपल्याविषयी या घरात काय वाटते, याचे उत्तर तो आपल्या तोंडाकडे पाहून शोधत असेल. त्या वेळी आपण काय म्हणाल?